कोपऱ्यात कार्बन असतो

४ जुलै २००८, शुक्रवार
प्रज्ञाच्या कालेजातून फारम आला. इंग्रजीत. पोरीनंच वाचून दाखवला, तोंड भिंतीकडं करून. केमिस्ट्रीत शंभरातले एकतीस. सरांचं म्हणणं, मोठी केमिस्ट्री सोडा, छोटी घ्या. मोठीला एच-टू म्हणतात, छोटीला एच-वन. खाली पालकांची सही.
विचारलं, छोटी घेतली तर औषधांच्या शिक्षणाला जाता येतं का?
"नो."
मग सही कशाची?
हे आले संध्याकाळी हार्बरफ्रंटच्या आफिसातून. चहा घेत दोनदा वाचला. "सर काय वैरी आहेत का आपले? झेपत नसेल तर कर सही." पेन पण पुढं केला.
पेन घेतला, ड्रावरमध्ये टाकला. फारम फ्रिजवर लोहचुंबकाखाली लावला. राहू दे तिथं.
प्रज्ञा दहा वर्षांची होती तेव्हा तिची आजी दम्यानं गेली, तिच्यासमोर. तेव्हापासून एकच बोलते, औषध बनवणार. आता सतराची आहे. एकतीस मार्कांनी ते पुसलं जात असेल तर ते औषध नव्हतंच.

८ जुलै, मंगळ.
सरांना भेटले. एकटी. ह्यांना सुट्टी नाही, जहाज तपासायचं आलंय. प्र. ला बाहेर बाकावर बसवलं.
सर तरुण आहेत, चिनी. माझ्यासाठी हळूहळू बोलत होते. "मिसेस रामटेके, शी कानाट सी द ग्रुप."
मी म्हटलं, "आईज गुड. लास्ट इयर डाक्टर चेक."
हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की मी खरंच सांगितलं. हसू आवरलं, खुर्ची जवळ घेतली, पेपर उघडून दाखवला. चांगला माणूस.
कागदावर नुसत्या काड्या. माचिसची पेटी सांडल्यासारख्या. मधेच ओ, मधेच ओएच. ह्या काड्यांच्या गर्दीत कुठला गट आहे ते ओळखायचं, एवढाच धडा. गट कळला की ते रसायन काय करणार ते कळतं. प्र. ने एका जागी आल्कोहोल लिहिलं आणि त्याच्याच शेजारी कीटोन. सरांनी दोन्हीवर फुली मारून दोघांना धरून एकच लाल गोल काढलेला. "टुगेदर, वन ग्रुप. आसिड."
मान हलवली. काही कळलं नव्हतं.
ठरलं ते असं: १९ सप्टेंबरला परत टेस्ट. पन्नास आले तर फारम फाडा. नाही आले तर २२ ला सही करून पाठवा. ओके म्हटलं. हात मिळवला.

११ जुलै, शुक्र.
पुंगोलला प. बाईंकडं. परांजपे. पुण्याच्या, एम. एस्सी. केमिस्ट्री, घरी मुलांना शिकवतात. नंबर ह्यांच्या आफिसातून मिळाला. तिथं ती छोटी रेल्वेगाडी गोल गोल फिरते, उलट्या बाजूच्या गाडीत बसलो, सगळं पुंगोल बघून झालं.
घर चकचकीत. पोहे दिले, साखर घातलेले.
"आडनाव काय म्हणालात?"
रामटेके.
"अच्छा, नागपूरकडचे." चमचा दिला. "म्हणजे मूळ गाव तेच का, की..."
मी म्हटलं, बाई, आम्ही बौद्ध. सरळ विचारलं असतं तरी सांगितलं असतं.
"अय्या, तसं नाही हो. मी आपलं सहज."
मग प्र. ला अर्धा तास शिकवलं. बरं शिकवतात, खोटं काहून बोलू. म्हणाल्या, "नावाच्या शेपटीकडं बघायचं गं. शेपटीवरून गट कळतो. आपल्यात नाही का, आडनावावरून कळतंच."
प्र. खाली मान घालून लिहीत होती. तिला ते लागलं नाही. मला लागलं. मला लागलं हे बाईंना कळलं. बशी उचलून आत गेल्या.
निघताना दारात बाजूला घेतलं. "स्पष्ट बोलू का? घरात शिक्षणाचा पाया नसला की ह्या मुलांना फार जड जातं. एच-वन घेऊ द्या. मुलगी गोड आहे."
नवव्या मजल्यावर राहते मी. पाया बघायचा तर लिफ्टनं खाली जावं लागतं.
त्यांचे छापील कागद मागितले. दिले.

१२ जुलै
प्र. नं काल रात्रीच बापाला सगळं सांगितलेलं. हे सकाळी हसत विचारतात, "काय, बाईंनी अर्धचंद्र दिला वाटतं?"
म्हणजे काय?
"मानेला धरून बाहेर काढलं का."
मला कोण काढतं. माझ्या चपला मीच घातल्या.
"सुमन, तू सगळीकडं भांडत फिरलीस तर इथं कसं निभायचं आपलं?" हे बोलले आणि पेपरात घुसले. हे कुठंही गेले की नुसतं "आर. फ्राम नागपूर" सांगतात, पुरतं आडनाव नाही. चौदा वर्षं नोकरी केली तशी. शांत माणूस. मला शांत बसता येत नाही, बसले तर डोकं दुखतं.
ट्यूशन बंद. मी बसते पोरीजवळ.
प्र. म्हणाली, "आई, यू कानाट लाह. तुला ए-बी-सी वाचायला वेळ लागतो."
वेळच लागतो. येत नाही असं नाही.

२० जुलै, रवि.
खालच्या दुकानातून कोरी कार्डं आणली, दोनशे. प्र. नं बाईंच्या कागदांवरून चित्रं काढली. मग मला बसवून शिकवायला लागली, मला कंटाळा यावा म्हणून. मुद्दाम भरभर.
"बघ, प्रत्येक कोपऱ्यात कार्बन असतो."
कुठं आहे? मला तर दिसत नाही.
"लिहीत नाहीत."
काहून?
"बिकाज एव्हरीबडी नोज."
मला माहीत नाही, म्हणजे मी एव्हरीबडीत नाही का?
"आई! लिहिलं नसलं तरी आहेच असं समजायचं. काडी जिथं वळली तिथं कार्बन. काडी जिथं संपली तिथं पण कार्बन. सगळं त्याच्यावरच उभं असतं, म्हणून लिहीत नाहीत."
ज्याच्यावर सगळं उभं आहे त्याचंच नाव लिहायचं नाही! लिहायला काय धाड भरली होती?
प्र. हसली. ह्या महिन्यात पहिल्यांदा.
मग मी पेन्सिल घेऊन एका चित्राच्या सगळ्या कोपऱ्यांत टिंबं दिली. सात. ती म्हणाली करेक्ट. टिंबं दिली की रांगोळीसारखं दिसायला लागतं ते. आधी टिंब, मग रेघ. ह्यांनी टिंबं पुसून रेघा ठेवल्या, एवढंच.

२७ जुलै, रवि.
ताटल्या मांडल्या जमिनीवर, नऊ. एकेका गटाची एकेक. आल्कोहोल, आल्डिहाइड, कीटोन, आसिड, एस्टर, ईथर, अमीन, अमाइड, आणि नववी जिथं नुसती दोन रेघांची काडी असते ती, आल्कीन. चित्राचं कार्ड उचलायचं, बरोबर ताटलीत टाकायचं.
चौथीनंतर माझी शाळा सुटली. मग लग्न होईपर्यंत काटोलला संत्र्याच्या गोदामात, आईसोबत छाटणीला. मुकादम डोक्यावर उभा. ढिगातलं फळ उचललं की फळ बघायचं नाही, देठ बघायचा. देठाशी कळतं आज जाईल का तीन दिवस टिकेल. जी बाई सगळं फळ फिरवून बघते तिचा ढीग संध्याकाळपर्यंत उरतो.
प्र. चं तेच होतं. सगळं चित्र बघत बसते, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. घाबरते. मी म्हटलं, देठ बघ. जिथं ओ किंवा एन आहे तिथंच बघ. बाकी गर सगळा सारखाच.
दोन रेघांचा ओ टोकाला असला तर आल्डिहाइड. मधे असला तर कीटोन. आणि त्याच कोपऱ्यावर ओएच पण बसला असला तर दोघं मिळून आसिड. तिथंच ती चुकत होती, दोघांना वेगळं मोजत होती. मी म्हटलं, नवरा एकटा भेटला तर तो वेगळा, बायको एकटी भेटली तर ती वेगळी. एका घरात दोघं असले तर घराचं नाव घ्यायचं. तुझे बाबा आणि मी एका दारात उभे राहिलो तर काय म्हणशील?
"डेंजर," प्र. म्हणाली. पण कार्ड बरोबर ताटलीत टाकलं.
हे पेपरामागून बोलले, "आमच्या वेळी त्याला क्रियात्मक गट म्हणायचे."
क्रिया म्हणजे काय करतो ते?
"हो."
कुठून आला ते नाही?
"नाही."
मग ठीक आहे.

३ आगस्ट, रवि.
नावांचं पण करायला पाहिजे. पेपरात चित्र देतात तसं नाव पण देतात. प्र. बाईंच्या कागदावरून नावं वाचत गेली, मी कार्डावर माझ्या अक्षरात उतरवत गेले. प्रोपनाल, ब्युटनाल, पेंटनाल, हेक्सनाल. शंभरावर झाली. हात दुखला. मी कार्ड वाचणार, तिनं गट सांगायचा.
नंतर गठ्ठा लावताना बघितलं तर बरीच नावं दोनदा आलेली. प्र. झोपेत वाचत होती वाटतं. जास्तीची काढून फेकली.

९ आगस्ट, शनि.
सुट्टी. इथला स्वातंत्र्यदिन. सगळ्या ब्लाकांवर लाल-पांढरे झेंडे, एका माळेत. आमच्या खिडकीला पण लावला, ह्यांनी सरळ लागला का ते तीनदा खाली जाऊन बघितलं.
दुपारी शर्यत लावली. पन्नास चित्रं. मी तीन मिनिटं दहा सेकंद, प्र. चार मिनिटं. माझ्या दोन चुका, तिची एक. तिनं घड्याळ हातात घेऊन परत मोजायला लावलं.
माझ्या दोन्ही चुका एकच. ओएच त्या आत गोल काढलेल्या षटकोनाला चिकटला की त्याला आल्कोहोल म्हणायचं नाही, फिनाल म्हणायचं.
फिनाल म्हणजे फरशी पुसायचं फिनाईल का?
"त्याच फामिलीतलं, मोर आर लेस."
मग मलाच काहून शिकवते? जन्म गेला माझा त्या वासात. दहावी ताटली मांडली.
मग तिनं मी डोकं दुखल्यावर खाते ती गोळी काढून दाखवली चित्रात. एका टोकाला फिनाल, दुसऱ्या टोकाला अमाइड. मी बघूनच सांगितलं. कुणी शिकवलं नाही ते चित्र. हे म्हणाले, "तू एवढ्या गोळ्या खाल्ल्यास, आतून पाठ झालं असेल."
खाल्ल्या कुणामुळं ते नाही बोलले.

१८ आगस्ट, सोम.
वर्गात छोटी टेस्ट झाली, दहा मार्कांची. चार.
प्र. दप्तर फेकून आत गेली. दार बंद. तासाभरानं बाहेर आली, पेपर माझ्यासमोर धरला. चित्रं सगळी बरोबर. नावांत सहा चुका, सहाही एकाच जातीच्या. आल्डिहाइडच्या नावासमोर आल्कोहोल, आल्कोहोल, आल्कोहोल.
"तुझ्यामुळं! पेपरात नाव वाचलं की डोक्यात तुझा आवाज येतो. प्रोपनाल, आल्कोहोल. प्रोपनाल, आल्कोहोल. तू नेहमी एकच म्हणते!"
मी म्हटलं एकच आहे तर एकच म्हणणार.
"एक नाहीये! दोन आहेत! यू डोन्ट इवन हिअर इट!"
मग जे बोलली ते लिहून ठेवते. "हे तू माझ्यासाठी करते की त्या पुंगोलच्या आंटीसाठी?"
भात करपला.
खरं उत्तर: दोघींसाठी. पण तिचे मार्क घालवून मला बाईंशी भांडायचं नाही.

१९ आगस्ट, मंगळ.
ह्यांनी आफिसातून आल्यावर नावांचा गठ्ठा मागितला. एकेक कार्ड बघत गेले. मग बाईंचे छापील कागद शेजारी घेतले. मग हसायलाच लागले. मला राग आला.
"अगं, ही दोन वेगळी नावं आहेत. शेवटी एकात ओ-एल आहे, एकात ए-एल. ओ-एल म्हणजे आल्कोहोल. ए-एल म्हणजे आल्डिहाइड. तू दोन्हीला काना देऊन नाल, नाल लिहिलंस."
मग कसं लिहायचं?
"वर अर्धचंद्र द्यायचा. तू कुठंच देत नाहीस. मालला जाते लिहितेस, बाजारातला माल की काय? फोनचा काल आला लिहितेस, मी म्हणतो काल आला तर आज काहून सांगते. ब्यागेची बाग करतेस."
आमच्या शाळेत नव्हता अर्धचंद्र. किंवा असेल, पाचवीत असेल.
आणि मला आठवलं. ती दोनदा आलेली नावं. मीच काढून फेकलेली. दोनदा नव्हतीच ती. पोरीनं बरोबर वाचलं होतं, मी अर्धी कचऱ्यात घातली.
प्र. ला सांगितलं. तोंडावर सांगितलं, आडून नाही. चूक माझी.
"ओके," म्हणाली. एवढंच. जेवली मात्र.

२४ ऑगस्ट, रवि.
ऑगस्ट. बघा.
सकाळी हे अर्धचंद्र शिकवत होते. डाळ शिजत होती, गॅस सोडून जाता येईना, हाताशी कागद नव्हता. फ्रिजवरचा फॉर्म काढला, मागं कोरा होता. त्याच्यावरच गिरवले. ॉ ॉ ॉ. मग ॅ ॅ ॅ. एकाला काना आणि वर चंद्र, एकाला नुसता चंद्र. पानभर. ह्यांनी बघितलं, डोळे मोठे केले.
"हे काय केलंस? हा कॉलेजात परत द्यायचा असतो!"
द्यायचा होता का आपल्याला?
ह्यांनी पान जवळ घेतलं. मग म्हणाले, "तो तिसऱ्या ओळीतला उलटा झालाय." पेन घेऊन स्वतः नीट करून दिला.
परत लावला फ्रिजवर.
कॉलेज. ऑफिस. डॉक्टर. फॉर्म. ॲसिड. फ्लॅट. मॉल. कॉफी. मागची पानं दुरुस्त करणार नाही. तेव्हा जसं येत होतं तसं आहे ते.

३१ ऑगस्ट, रवि.
नावांचा सगळा गठ्ठा नवा केला. प्रोपॅनॉल. प्रोपॅनॅल. लिहिता येतं आता, बोलताना घोळ होतो. प्र. नं आरशासमोर उभं केलं. "ऑल म्हणताना तोंड गोल, आई. अंडं असल्यासारखं. ॲल म्हणताना गाल ताण. स्माइल."
ऑल. ॲल. ऑल. ॲल. शेजारची मलय बाई, फातिमा, दारातून विचारते, "आंटी, सिंगिंग आ?"
सिंगिंग म्हटलं.
आता गाल बघूनच प्र. ओळखते. कधी मी नाव पुरतं म्हणायच्या आधीच सांगते. मी म्हटलं टेस्टमध्ये माझे गाल नसतील तिथं. "डोक्यात आहेत," म्हणाली.
साठातली अठ्ठावन्न बरोबर.

७ सप्टें., रवि.
टेक्का मार्केटला कोथिंबीर घेत होते. प. बाई समोर. टाळायला जागा नव्हती, त्यांना पण नाही, मला पण नाही.
"काय ठरलं मग प्रज्ञाचं? एच-वन ना?"
नाही म्हटलं. एकोणीसला टेस्ट आहे.
"कुणाकडं पाठवता आता?"
घरीच.
"मिस्टर घेतात का?"
मी घेते.
बाई माझ्याकडं बघत राहिल्या. मग हातातल्या भेंडीकडं. मला थांबता आलं असतं. थांबले नाही. म्हटलं, बाई, तुम्ही शेपटी बघा म्हणालात ते बरोबर आहे. पण ते तेवढंच पान आहे. तुमच्याच कागदांत पुढच्या पानावर बाण काढलाय. प्रोपॅनॉलचं प्रोपॅनॅल होतं, प्रोपॅनॅलचं ॲसिड होतं. शेपटी बदलते. बदलली की आधीच्या नावानं कुणी हाक मारत नाही. मारली तर मार्क जातात.
भाजीवाला तमिळ, त्याला काय कळलं कुणास ठाऊक, तो पण थांबला होता.
बाई लाल झाल्या. मला वाटलं आता निघून जातील. त्या म्हणाल्या, "प्रोपॅनॅल तुम्ही फार स्वच्छ म्हणता. माझी मुलं नाही म्हणत." मग भेंडी टोपलीत ठेवून, "पुढच्या धड्याचे कागद आहेत माझ्याकडं. पाठवू?"
पाठवा म्हटलं. कागदांशी माझं भांडण नाही.
माफी मागितली नाही त्यांनी. मी पण पोहे छान होते म्हटलं नाही.

१४ सप्टें., रवि.
बाईंचे कागद आले, पोस्टानं. जाड पाकीट. वर माझं पूर्ण नाव लिहिलेलं, सौ. सुमन रामटेके, आडनाव नीट, सुवाच्य.
त्यात एक चित्र. प्र. अडली. षटकोन, त्याला वर एक काडी, खाली एक फाटा. अक्षर एकही नाही. ओ नाही, एन नाही.
"ह्याला देठच नाही, आई. काय बघू?"
मी पण बघत राहिले. मग दिसलं. षटकोनाच्या एका बाजूला दोन रेघा. खालच्या फाट्याला पण दोन रेघा. ॲल्कीन. दोनदा ॲल्कीन. अक्षर नसलं म्हणून गट नाही असं कुठाय.
नाव काय आहे ह्याचं?
"लिमोनीन. फाउंड इन..." वाचता वाचता थांबली. "ऑरेंज पील."
संत्र्याच्या सालीत. सात वर्षं माझ्या नखांत होतं ते. लग्नात हळद लावली तरी गेलं नव्हतं, सासूबाई म्हणाल्या होत्या ही पोट्टी कसली वास मारते.
फ्रिजमधून संत्रं काढलं. इथली संत्री जाड सालीची, सोलायला जीव खातात. साल मोडून तिच्या नाकाशी धरली. रस उडाला तिच्या डोळ्यात. "आई!"
चित्र बघ आणि वास घे. दोन्ही एकदम.
डोळे चोळत तिनं वास घेतला.

१९ सप्टें., शुक्र.
टेस्ट झाली. प्र. पावणेपाचला आली. बूट काढले, पाणी प्यायली. मी विचारलं नाही. एवढा वेळ न विचारता मी कधी राहिले नव्हते, ताटल्या दोनदा धुतल्या.
शेवटी म्हणाली, "दोन प्रश्न राहिले. वेळ नाही पुरला."
किती मार्कांचे?
"ट्वेल्व."
मोजत नाही. बाकीचं?
"एकाला अक्षरच नव्हतं, आई. लिमोनीन नाही, दुसरं काहीतरी, मोठं. बाजूची मुलगी रिकामं सोडून गेली. मी दोन रेघा शोधल्या. तीन जागी सापडल्या."
तीनच होत्या का?
"हाउ विल आय नो. तीन दिसल्या."
तीन दिसल्या तर तीन.

२२ सप्टें., सोम.
साडेदहाला कॉलेजातून फोन. सर नव्हते, ऑफिसातली बाई. पेपर तपासून झाले नाहीत, दोन दिवस लागतील. पण फॉर्मची मुदत आज. "यू साइन फर्स्ट, मॅडम. जस्ट इन केस. इफ शी पास, वी थ्रो."
"नो साइन."
"ओन्ली फॉर्मॅलिटी, मॅडम."
"फॉर्म नॉट गुड. बॅक साइड आय राइट."
"राइट वॉट?"
अर्धचंद्राला इंग्रजीत काय म्हणतात कुणास ठाऊक. "मून," म्हटलं. "मेनी मून."
ती विचारते, "न्यू फॉर्म आय गिव युअर डॉटर, कॅन?"
"कॅन," म्हटलं. "गिव. बॅक साइड एम्प्टी, हां?"
फोन ठेवला. ह्यांना सांगायला ऑफिसात लावला. ऐकून घेतलं सगळं. वाटलं ओरडतील. म्हणाले, "म्हणजे अर्धचंद्र दिलास तू फॉर्मला," आणि तिकडं एकटेच हसत सुटले, कुणीतरी विचारत होतं मिस्टर आर. काय झालं. "रामटेके," हे त्याला म्हणाले. "नाव पूर्ण घे." मग फोन बंद.
पन्नास होतील का, माहीत नाही. बारा गेले, अठ्ठ्याऐंशी उरले, त्यातले कोपऱ्यात किती आहेत ते लिहिलेलं नाही.
फॉर्म फ्रिजवरून काढला नाही. उलटा करून लावला, चंद्र बाहेर.